उरलेलं अर्धं चित्र

नव्याण्णव साली सांगलीत ज्याला त्याला आपल्या लग्नाची सीडी हवी होती. गणपती पेठेतल्या आमच्या दुकानात रोज कॅसेटी येऊन पडायच्या. कुणी प्लास्टिकच्या पिशवीत आणायचं, कुणी बस्त्याच्या खोक्यात जपून ठेवलेली. काहींना बुरशी धरलेली असायची, काहींवर भाच्यानं वरून क्रिकेटची मॅच टेप केलेली. मी आधी बरीच वर्षं लग्नांचं शूटिंग केलं होतं. आदल्या दिवाळीला कॉम्प्युटर घेतला आणि निम्मं काम खुर्चीत बसूनच व्हायला लागलं. माझी बायको विनोदिनी काउंटर सांभाळायची, मी आत पडद्यामागे बसायचो.

या कामात एक गोष्ट ठरवावी लागते, ती आधी सांगतो. टीव्हीचं चित्र आडव्या रेषांचं असतं आणि कॅमेरा ते एका दमात टिपत नाही. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा रेषा टिपतो, मग दुसरी, चौथी, सहावी. म्हणजे प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं असतं, आणि एका सेकंदात अशी पन्नास अर्धी चित्रं येतात. टीव्हीवर ती इतकी भराभर जातात की डोळ्याला कळत नाही. कॉम्प्युटर मात्र दोन अर्धी एकात एक गुंफून पंचवीस पूर्ण चित्रं करतो, आणि मग जे हलत असेल त्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. कारण दोन अर्ध्यांच्या मधल्या वेळात तो हात किंवा ते डोकं जरासं सरकलेलं असतं. सीडी करताना हे दाते काढावे लागतात. एक तर पहिलं अर्धं ठेवून दुसरं टाकून द्यायचं, किंवा दुसरं ठेवून पहिलं टाकायचं, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळायची. मिसळलं की हलत्या माणसाला सावली येते आणि गिऱ्हाईक कुरकुर करतं. मी नेहमी पहिलं अर्धं ठेवायचो. दुसऱ्यात वेगळं काही असायचं कारणच नाही. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात जगात बदलून बदलणार काय?

शिमग्याच्या थोडं आधी कडेगावकडचे आप्पासो आले, सोबत त्यांची सून दीपमाला. आप्पासो पलटणीतून निवृत्त झालेले, आता घरचा ऊस बघायचे. मुलगा जयराज आसामात होता. त्याच्या तुकडीत सीडीचं मशीन आलं होतं आणि सगळे जवान आपापल्या घरची लग्नं लावून बघत होते, तेव्हा यालाही हवी होती. शिवाय कॅसेट खराब व्हायला लागली होती.

“माणसं फिकी पडाय लागल्यात,” आप्पासो म्हणाले. “माझा तर चेहराच वळकंना आता. सूनबाई तेवढी लख्ख दिसती.”

मी कॅसेट उलटून बघितली तर खोक्यावर माझंच अक्षर होतं. चौऱ्याण्णव सालचं लग्न. मुलीचं माहेर रहिमतपूरजवळ, तिथल्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मला ते लग्न चांगलं आठवत होतं ते वाऱ्यामुळे. दिवसभर गरम वारं सुटलं होतं, मांडवाचं कापड फडफडत होतं आणि मी स्टुलावर उभा राहून कॅमेऱ्याला टॉवेल गुंडाळून काम करत होतो. माणूस मायंदाळ होता. नवरी मात्र दगडासारखी बसून होती. मी किती वेळा तिला म्हणालो, जरा हसा. तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. अंगात ताप आहे असं तिच्या आईनं, अंजनाबाईंनी, मला सांगितलं होतं.

तीच नवरी आता काउंटरपाशी उभी होती. उंच, सडपातळ, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिनं विनोदिनीला एवढंच विचारलं, “कवा मिळंल, वैनी?”

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी ती कॅसेट लावली. माणसं खरंच फिकी होती. नुसत्या उन्हानं विटलेल्या कापडासारखी नाहीत, त्यांच्यातून पलीकडच्या खुर्च्या दिसत होत्या. मांडव, खुर्च्या, पताका मात्र ठळक होत्या. दीपमालाही तशीच. मी टेपचं हेड पुसलं, मशीन बदललं, तरी तेच. मग एक चित्र थांबवून मोठं केलं, तेव्हा कारण दिसलं. माणसं एकाआड एक रेषांवरच होती. मधल्या रेषांवर माणसंच नव्हती.

मला उलट बरं वाटलं. दुसऱ्या अर्ध्यात काहीतरी बिघाड झाला असणार, आणि तसंही ते टाकूनच द्यायचं होतं. पहिलं अर्धं वेगळं काढलं. लग्न जसंच्या तसं होतं. आप्पासो फेटा सावरत फिरत होते, बायका करवल्यांना ओरडत होत्या, दीपमाला मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती. मी कॉम्प्युटर कामाला लावला आणि विनोदिनीला सांगितलं की झालं.

“आणि दुसऱ्यात काय आहे?” तिनं विचारलं.

नुसतं बघायचं म्हणून ते वेगळं काढलं.

पडद्यावर तोच मांडव होता. तेच पटांगण, त्याच खुर्च्या, वाऱ्यानं फडफडणारं तेच कापड. खुर्च्यांवर कुणी नव्हतं. बोहल्यावर दीपमाला एकटी बसली होती.

आवाज मात्र सगळा होता, कारण आवाजाची पट्टी वेगळी असते, तिचे दोन भाग होत नाहीत. रिकाम्या मांडवात बँड वाजत होता, पोरं रडत होती, पंक्तीला कुणीतरी जिलबी-जिलबी म्हणून ओरडत होतं. मग मंगलाष्टका सुरू झाल्या. दीपमाला उठून उभी राहिली. तिच्या समोर अंतरपाट नव्हता, नवरा नव्हता, मागे मामा नव्हता. “शुभमंगल सावधान” झालं आणि तिनं हार धरलेले हात पुढे केले. समोर घालायला कुणी नव्हतं. हात तसेच वर राहिले. बऱ्याच वेळानं ते थरथरायला लागले.

विनोदिनीनं आवाज बंद केला.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. एकावर एक टेप झालं असेल म्हणावं, तर मी त्या दिवशी रिकामा मांडव कधी टिपलाच नव्हता. सकाळी पोचलो तेव्हाच तिथं माणसं होती. त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या लग्नाची कॅसेट मागवून आणली, तिची दोन्ही अर्धी सारखी होती. सगळ्यात मला खटकलं ते निराळंच. लग्नानंतर मिरजेला मिक्सिंग करताना मी एका ठिकाणी बदामाची खिडकी काढून तिच्यात जयराजचा वर्दीतला फोटो टाकला होता. ते काम लग्नानंतर महिन्याभरानं, मशीनवर केलेलं. दुसऱ्या अर्ध्यात ती खिडकी होती. बदाम फिरत फिरत आला, मोठा झाला, आणि त्याच्या आत नुसता निळा रंग होता.

आम्ही दोघांनी ठरवलं की पहिल्या अर्ध्याची सीडी द्यायची आणि विषय संपवायचा.

सीडी न्यायला दोघं आले. आप्पासोंना मी ती लावून दाखवली. आपला चेहरा ओळखू आल्यावर ते खूश झाले, गेलेल्या थोरल्या भावाला बघून त्यांनी डोळे पुसले. दीपमाला मागे उभी राहून बघत होती; अनोळखी लोकांचं लग्न बघावं तशी. मग मोटारीचा पंखा दुरुस्तीला दिलाय तो बघून येतो, तवर सूनबाई हितंच बसू दे, असं सांगून आप्पासो बाहेर पडले.

ते गेल्यावर ती विनोदिनीला म्हणाली, “वैनी, ह्यातली ती मी न्हवं.”



ती सावकाश, शब्द मोजून बोलली. तिला स्वतःचं लग्न तसं आठवतच नव्हतं. मांडवात ती एकटी होती. सकाळपासून कुणीच आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, येतील आत्ता, म्हणून ती बसून राहिली. लग्नानंतर एकदा तिनं हे आईला सांगितलं, तेव्हा अंजनाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तापात असं होतं म्हणाल्या, पुन्हा कुणाजवळ काढू नकोस. तिनं काढलं नव्हतं. पण घरात कॅसेट लावली की तिला मधेच, पापणी लवायच्या आत, रिकाम्या खुर्च्या दिसायच्या.

“तुमच्या मशीनवर दिसलं असंल तुमास्नी,” ती मला म्हणाली.

नाही म्हणावं असं मनात आलं होतं. पण विनोदिनीनं आधीच खुर्ची ओढून दिली होती.

दीपमालानं दुसरं अर्धं बघितलं. ती घाबरली नाही. हरवलेली वस्तू पोलिसांनी समोर ठेवल्यावर माणूस बघतो तशी ती बघत होती. हार धरलेले हात खाली आले आणि पडद्यावरची ती परत पाटावर बसली, तेव्हा हिनं स्वतःचे दंड चोळले.

“आता मी उठते,” ती म्हणाली.

पडद्यावरची दीपमाला उठली. तिनं मुंडावळ्या सोडून पाटावर ठेवल्या, बोहल्यावरून उतरली, खुर्च्यांच्या मधून चालत मांडवाच्या तोंडाशी गेली आणि चित्राच्या बाहेर पडली. मांडव रिकामा राहिला. पाठवणीचं रडणं ऐकू येत होतं.

पुढं काय झालं ते विनोदिनीनं विचारलं. ती म्हणाली की शाळेच्या फाटकातून बाहेर पडले, चिंचांचा रस्ता होता, त्यानं चालत राहिले. खूप चालले. रस्त्यातही कुणी नव्हतं. मग एकदम सासरच्या परसात उभी होते, हातात भरलेली घागर, आणि सासूबाई म्हणत होत्या की लग्नाला सहा म्हैनं झालं तरी सुनेचं ध्यान असतंय कुठं.

“तवर सासरी कोण हुतं, वैनी?”

दीपमालानं मला शेवटपर्यंत लावायला सांगितलं. आपण माघारी येतो का ते तिला बघायचं होतं. आम्ही तिघं कॅसेट संपेपर्यंत रिकामा मांडव बघत बसलो. वाऱ्यानं एक खुर्ची पडली, एवढंच.

मग तिनं विचारलं, “ही दोन्ही एकात एक घालता येत न्हाईत का?”

मी सांगितलं की येतात, तसा पर्याय असतो, पण चित्र घाण होतं. सावल्या पडतात, कुणीच नीट दिसत नाही.

“पडूंदेत,” ती म्हणाली. “मला त्या माणसांत बसायचं हाय. माझी आई कशी रडली ते मी बघितलं न्हाई.”

जयराजला पाठवायची सीडी आप्पासो घेऊन गेले. तिच्यासाठी वेगळी मी त्याच आठवड्यात केली. पंचवीसचा वेग तसाच ठेवला, दोन्ही अर्धी निम्मी-निम्मी मिसळली. देण्याआधी शेवटपर्यंत बघायची माझी रीत आहे, म्हणून बघत बसलो. बाहेर रणरणतं ऊन होतं, पेठेत हातगाड्या चालू होत्या.

अपेक्षेप्रमाणे माणसं फिकी होती. बोहल्यावर जयराजशेजारी एक दीपमाला बसली होती, आणि तिच्यातूनच निघाल्यासारखी दुसरी उठली. ती माणसांच्या आरपार चालत मांडवाच्या तोंडाशी गेली. तिथून ती बाहेर पडायला हवी होती.

ती थांबली आणि मागे वळली.

मग बोहल्यावरच्या दीपमालानं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ती हसली. सगळे दात दाखवून, अगदी मी सांगितलं होतं तशी.

मी दोन्ही अर्धी परत वेगळी काढून बघितली. कुठल्याच अर्ध्यात ती हसत नव्हती.

विनोदिनी म्हणाली, देऊ नका. मीही ती कपाटात ठेवून दिली होती. पण दीपमाला एकटीच एसटीनं आली, काउंटरवर हात पुढे करून उभी राहिली, आणि तिच्या तोंडाकडे बघून विनोदिनीनंच कपाट उघडलं. सीडी पदरात गुंडाळून ती गेली.

त्यानंतर काहीच कळलं नाही. अक्षय तृतीयेच्या सुमारास विट्याला एका वास्तुशांतीचं शूटिंग होतं, विनोदिनी सोबत आली होती. काम लवकर संपलं तेव्हा तीच म्हणाली, वाट वाकडी करून कडेगावला जाऊ, तिला बघून येऊ.

वस्ती उसाच्या रानात होती. आप्पासो ओट्यावर होते. त्यांनी या म्हटलं, पण आवाजात ओढ नव्हती. मी जयराजचं विचारलं. सीडी मिळाली म्हणाले, सगळ्या पलटणीनं बघितली. आणि मग पाण्याचा तांब्या घेऊन दीपमाला बाहेर आली.

अंगानं भरली होती. पदर खोचलेला, कपाळाला ठसठशीत कुंकू. माझ्याकडे बघून तिनं लगेच ओळखलं.

“तुमीच न्हवं शूटिंगवाले? स्टुलावर चढून हसा-हसा करत हुता. आवं, त्या दिवशी वाऱ्यानं तुमचा टावेल उडून बँडवाल्याच्या तोंडावर गेलता.”

टॉवेल खरंच उडाला होता. तिनं आणखीही बरंच सांगितलं. कोण कोण आलं होतं, कुणाच्या पंक्तीला जिलबी संपली, आई कशी आडवी पडून रडली. सगळं खरं होतं. ती भडाभडा बोलत होती आणि आप्पासो जमिनीकडे बघत होते.

विनोदिनी म्हणाली, “तुम्ही दुकानात आला होता, तेव्हा यातलं काही बोलला नाहीत.”

“दुकानात?” दीपमाला म्हणाली. “मी कवा आले? मी तर सांगली बघितलीबी न्हाई अजून.” आणि विनोदिनीकडे वळून तिनं हसून विचारलं, “तुमी ह्यांच्या मंडळी व्हय?”

चहा टाकायला ती आत गेली. तिच्या सासूबाई, हरणाबाई, आम्हाला आंबा दाखवते म्हणून मागच्या दारानं परसात घेऊन गेल्या. दगडाच्या चौथऱ्यापुढे पार ओढ्यापर्यंत ऊस होता. त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, “दीपा, साकर बेतानं टाक गं.”

“व्हय,” आतून उत्तर आलं.

आणि ते विरतं न विरतं तोच उसाच्या बाजूनं, लांबून, त्याच आवाजात, “व्हय.”

मी हरणाबाईंकडे बघितलं. आसपास डोंगर नव्हता, विहिरीचा कठडाही नव्हता. सपाट रान होतं.

“घुमतंय म्हणती ती,” हरणाबाई हळू आवाजात बोलल्या. “आन् आमीबी तसंच म्हणतो. ती तबकडी लावली त्या दिसापास्नं हाय ह्ये. पैल्यांदा ती हाक ह्या दारातनं यायची. मग हितं धुण्याच्या दगडापास्नं. आता पार वड्यापल्याडनं येती. रोज जरा जरा लांब चाललीया.”

“तुम्ही बघितलंत जाऊन?” मी विचारलं.

“ह्यांनी समदं रान तुडवलं. तिच्या चपला सापडल्या नुसत्या. त्याबी हिनं आणून घातल्या पायात.”

विनोदिनी चौथऱ्याच्या कडेला गेली. मी तिचा हात धरायच्या आत तिनं उसाकडे तोंड करून हाक मारली. मोठ्यानं नाही, शेजारणीला मारावी तशी.

“दीपमाला.”

घरातून काहीच आलं नाही. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तोही थांबला.

आम्ही उभे राहिलो. उसाची पानं हलत होती.

मग ओढ्याच्या पलीकडून, खूप लांबून, दमलेल्या माणसाचा आवाज आला.

“आले, वैनी.”

आणि आमच्या पाठीमागे, घराच्या आतून, कुणीतरी दार हलकेच लोटलं आणि कडी घातली.

हरणाबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. “चला, पुढनं जाऊ,” त्या म्हणाल्या. “एकदा लावलं की ह्ये दार ती आमालाबी उघडत न्हाई.”